पाठमोरे काका

“पैसे पाठवले, पण पोचलेच नाहीत. बुडाले का हो?”

भाव कुठवर जाईल, हा प्रश्न वर्तमानपत्रांना पडतो. ज्यानं थोडेफार बिटकॉइन घेऊन आयुष्यात पहिल्यांदा एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर पाठवलेले असतात, त्याच्या पोटात गोळा येतो तो वरच्या प्रश्नानं. बँकेत निदान काउंटरवर जाऊन विचारता येतं, साहेबांना भेटता येतं. इथे काउंटरही नाही आणि साहेबही नाही. समोर आकड्या-अक्षरांची एक लांबलचक माळ आणि शेजारी ‘अनकन्फर्म्ड’ एवढा एक शब्द.

पुण्याच्या कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी, हा प्रश्न जवळजवळ दर खेपेला कुणीतरी विचारायचंच. काका दर खेपेला तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी खुर्ची पुढे ओढायचे. “व्यवहाराचा नंबर मिळालाय ना? मग बुडाले नाहीत. रांगेत आहेत.” आणि मग शांतपणे सांगायला लागायचे. साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो, ब्लॉकमध्ये जागा मोजकी, ज्यानं फी जास्त लावली त्याचा व्यवहार आधी आत. डिसेंबर २०१७ मध्ये भाव वीस हजार डॉलरच्या घरात गेला तेव्हा ही रांग इतकी लांबली होती की कमी फीचे व्यवहार दिवसच्या दिवस लटकून राहिले. वाट बघायची तयारी नसेल तर फी वाढवून तोच व्यवहार पुन्हा कसा पाठवायचा, तेही ते दाखवायचे. दाखवायचे म्हणजे तोंडानं सांगायचे. समोरच्याचा मोबाइल त्यांनी हातात घेतलेला मी कधी पाहिला नाही.

काका दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. मी प्राप्तिकराची कामं करते. माझ्यावर त्यांचं जे ऋण आहे, ते पैशांचं आहे आणि नाहीही. ते नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

एप्रिल २०१८ मधली गोष्ट. सहा तारखेला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं आणि दुसऱ्याच दिवशी माझा एक अशील घाबराघुबरा होऊन ऑफिसात आला. त्याच्याकडे थोडे बिटकॉइन होते. “हे जवळ ठेवणं आता गुन्हा आहे का? माझं बँकेतलं खातं बंद होईल का?” मला या विषयातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. कुणीतरी काकांचं नाव सांगितलं आणि मी त्या पार्किंगमध्ये पोचले. पाहते तर तिथे माझ्या अशिलासारखेच आणखी आठ-दहा चेहरे. इंजिनीअरिंगची मुलं, एका रुग्णालयातली परिचारिका, स्वतःची रिक्षा चालवणारे एक गृहस्थ, एक निवृत्त ग्रंथपाल. काकांनी ते परिपत्रक छापून आणलं होतं आणि त्यातल्या पहिल्याच ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. “हे पत्र कुणाला लिहिलंय ते आधी वाचा. बँकांना. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या संस्थांना. तुम्हाला नाही.” बँकांनी या व्यवसायाला सेवा देऊ नये आणि चालू असलेले संबंध तीन महिन्यांत संपवावेत, असा त्याचा मजकूर होता. म्हणजे जवळ असणं गुन्हा नाही, पण बँकेतून पैसे आत-बाहेर करायची वाट बंद होणार. एवढं कळल्यावर लोकांचे खांदे खाली आले. चिंता संपली नव्हती, पण तिला आकार आला होता. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं, तेव्हा काकांनी निकालपत्रही असंच छापून आणलं होतं.

त्यानंतर मी जात राहिले. अशिलांसाठी म्हणून सुरुवात झाली खरी, पण पुढे मला त्या प्रश्नांचीच ओढ लागली. बाहेरून पाहणाऱ्याला क्रिप्टो म्हणजे रातोरात श्रीमंत होणाऱ्यांचा आणि रातोरात बुडणाऱ्यांचा खेळ वाटतो. पार्किंगमध्ये यायचे ते प्रश्न फार साधे असत, आणि ते विचारताना माणसं फार संकोचत. “माझ्याकडे यूएसडीटी दिसतायत, पण पाठवताच येत नाहीत.” ट्रॉन नावाच्या नेटवर्कवर यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेली नाणी, ठेवली असतील तर पाठवण्याची फी ट्रॉनच्याच नाण्यात द्यावी लागते, आणि ते नाणं खात्यात शून्य असतं, म्हणून अडतं. “मी चुकीच्या नेटवर्कवर पाठवले, गेले का?” पत्ता शून्य-एक्सनं सुरू होणारा आणि किल्ली स्वतःची असेल, तर बऱ्याचदा जात नाहीत. त्याच पत्त्यावर दुसऱ्या नेटवर्कवर दिसतात. “वॉलेटच्या मदत केंद्रातून मला आपणहून मेसेज आलाय, बारा शब्द विचारतायत.” इथे मात्र काकांचा आवाज चढायचा. जो आपणहून मदत करायला येतो आणि बारा शब्द, म्हणजे वॉलेटची किल्लीच, मागतो तो चोरच. याला अपवाद नाही. हे वाक्य ते तीनदा म्हणायचे आणि समोरच्याकडूनही म्हणवून घ्यायचे.

महिना दहा टक्क्यांची आमिषंही यायची. ही पुण्याची दुखरी जागा आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेनं अठरा महिने दरमहा दहा टक्के द्यायचं कबूल करून लोकांकडून बिटकॉइन गोळा केले, आणि २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल होऊन अटका झाल्या, तोवर पुष्कळ घरं त्यात धुऊन निघाली होती. असल्या योजनेचं कुणी नाव काढलं, की काका त्याला हिशेब मांडायला बसवत. दरमहा दहा टक्के चक्रवाढीनं वाढत गेले तर अठरा महिन्यांनी एका रुपयाचे किती होतात? साडेपाच. “हे साडेपाच कुठून येणार, ते त्याला विचारा. आणि उत्तर मला नका सांगू, तुमच्या घरच्यांना सांगा.”

एका मुलाचं खातं गोठवलं गेलं होतं. त्यानं पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, यूएसडीटी विकले, घेणाऱ्यानं यूपीआयनं पैसे दिले, आणि ते पैसे निघाले तिसऱ्याच कुणाला फसवून मिळवलेले. फसलेल्या माणसानं सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली, पैशांचा माग काढत तपास या मुलाच्या खात्यापर्यंत आला, आणि परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून बँकेनं रक्कम अडकवली. मुलगा वसतिगृहात राहणारा, मेसचे पैसे द्यायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. काका त्याच्याबरोबर बँकेत गेले, तपास अधिकाऱ्यासाठी सगळ्या व्यवहाराचे कागद तारखेनुसार लावून दिले, अर्जाची भाषा मी पाहिली. प्रकरण सुटायला बराच काळ गेला. तोवर तो मुलगा दुपारी काकूंकडे जेवायला असायचा. आपलं किती नुकसान झालं हे तो सांगायला लागला की काका त्याला थांबवत.

ही त्यांची रीत होती. या जगात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, “तुझ्याकडे किती आहेत?” काकांनी तो कधीही, कुणालाही विचारला नाही. कुणी सांगू लागलं तर ऐकूनही घेतलं नाही.

आता माझ्या मामीबद्दल.

माझे मामा मिरजेला शाळेत गणित शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांना गुप्तलेखनाचा नाद लागला, आणि त्या वाटेनं ते बिटकॉइनपर्यंत आले. गणितावर उभा असलेला पैसा म्हणून त्यांना त्याचं अप्रूप. २०१६ मध्ये त्यांनी थोडे घेऊन ठेवले. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मामा गेले. घरात मामी एकटी. कपाटात शाळेची एक वही निघाली, तिच्या एका पानावर ‘बारा’ असं शीर्षक, खाली रेघ आणि त्याखाली क्रमांक घालून बारा शब्द. इंग्रजी शब्द, पण सगळे देवनागरीत लिहिलेले, मामांच्या फळ्यावरच्या अक्षरात. त्याखाली छापील पत्त्याचा एक कपटा डिंकानं चिकटवलेला. मामीनं फोन केला, “हे तुझ्या मामांचं काय आहे ते तू बघशील का गं?” पान उघडून फोटो पाठवते, असंही म्हणाली. “पाठवू नकोस,” मी एवढंच म्हणू शकले, कारण ते काकांकडून शिकले होते.

आपल्यानंतर या नाण्यांचं काय, हा प्रश्न पार्किंगमध्ये हळू आवाजात विचारला जायचा. अशा वेळी काका हॅल फिनी या प्रोग्रॅमरची हकीकत सांगत. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा, आणि नंतर नऊच दिवसांनी बिटकॉइनचा निर्माता सातोशी यानं ज्याला पहिल्यांदा दहा बिटकॉइन पाठवले तो हा माणूस. त्याच वर्षी त्याला एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराचं निदान झालं. शरीर हळूहळू निकामी होत गेलं, तरी डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या संगणकावर तो काम करत राहिला. आपले बिटकॉइन त्यानं मुलांसाठी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून दिले होते. २०१४ मध्ये तो गेला. त्याच सुरुवातीच्या दिवसांत, २०१० मध्ये, गॅविन अँड्रेसन या दुसऱ्या प्रोग्रॅमरनं एक सोय करून दिली होती. येईल त्याला पाच बिटकॉइन फुकट, का तर लोकांनी हाताळून पाहावं. ही माणसं नुसती हुशार नव्हती, दुसऱ्याच्या अडाणीपणाला ती कंटाळली नाहीत, असं काका म्हणत. मला वाटायचं, ते नकळत स्वतःबद्दलच बोलतायत.

मामी मिरजेहून रेल्वेनं आली. वही पदराखाली. काकांनी आपल्या घरी एक जुना लॅपटॉप काढला. तो पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायचा आणि त्याचं इंटरनेट बंद केलेलं होतं. शब्द जोडून पाहायचा प्रोग्रॅम तेवढा त्यात. मामीसमोर त्यांनी छापील कागदांची एक चळत ठेवली. या बारा शब्दांची पद्धत अशी की ते एका ठरलेल्या यादीतूनच येतात. यादीत शब्द २०४८, इंग्रजी वर्णानुक्रमानं लावलेले, आणि कुठल्याही शब्दाची पहिली चार अक्षरं दुसऱ्या शब्दासारखी नसतात. जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा काही भाषांतही या याद्या आहेत. मराठीत नाही. मामांनी आपल्यापुरती ती उणीव भरून काढली होती.

“ताई, वहीतला एकेक शब्द या यादीत शोधायचा आणि लॅपटॉपवर टाइप करायचा,” काका म्हणाले. “मोठ्यानं वाचायचा नाही. कुणाला दाखवायचा नाही. मलाही नाही, हिलाही नाही.” एवढं बोलून त्यांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मामीकडे पाठ करून बसले. मलाही खुणेनं शेजारी बसवलं. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. आम्ही दोघं त्या कॅलेंडरकडे बघत बसलो आणि मागे मामीचं बोट कागदावरून सरकल्याचा आवाज येत होता. मामी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेली. इंग्रजी वाचता येतं, पण सवय नाही. एकेका शब्दाला वेळ लागत होता. काकूंनी दारातूनच विचारून चहा ठेवला, त्याही आत आल्या नाहीत.

मध्येच मामी म्हणाली, “अहो, हा एक शब्द यादीत दोनदा सापडतोय. एक ‘आर’मध्ये आणि एक ‘डब्ल्यू’मध्ये. यांनी लिहिलाय तो उच्चार दोन्हीचा तोच.”

काका खुर्चीतच ताठ झाले. मागे वळले मात्र नाहीत. “शाब्बास,” ते म्हणाले. “दोन्ही बाजूला लिहून ठेवा. कोणता खरा ते यंत्र सांगेल.”

पुढे आणखी एक तसाच निघाला. ते बारा शब्द आता निकामी झाले आहेत, मामीनं नंतर ते मला सांगितले, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. मामांनी लिहिलं होतं ‘राईट’, आणि यादीत उजवा या अर्थाचाही राईट आहे आणि लिहिणे या अर्थाचाही. दुसरा शब्द होता ‘पीस’. शांतता किंवा तुकडा. दोन शब्दांच्या दोन-दोन शक्यता म्हणजे चार जोडण्या. पण शेवटच्या शब्दात एक तपासणीचा आकडा दडवलेला असतो, त्यामुळे सोळापैकी साधारण एखादीच जोडणी पास होते, बाकीच्या यंत्र तिथेच परत पाठवतं. पहिली परत आली. दुसरी परत आली. तिसरी यंत्रानं घेतली.

पण वहीतल्या कपट्यावरचा पत्ता पडद्यावर दिसेना. मामीच्या आवाजात कंप आला. काकांनी भिंतीकडे बघतच विचारलं, “कपट्यावरच्या पत्त्याचं पहिलं अक्षर तेवढं सांगा, पुढचं नको.” एक. “मग ते जुन्या धाटणीचं खातं आहे. यंत्र नव्या धाटणीचे पत्ते दाखवतंय, ते ‘बीसी’नं सुरू होतात. शब्द तेच, पण त्यांतून पत्ते काढायची वाट निराळी.” कुठे दाबायचं ते त्यांनी पडदा न पाहता, आठवणीनं सांगितलं. मग मामी एकेक अक्षर जुळवायला लागली. “हा शून्य आहे का ओ?” तिनं विचारलं. “त्या पत्त्यांत शून्यही नसतो आणि मोठा ओही नसतो. डोळ्यांची फसगत होऊ नये म्हणून दोन्ही काढून टाकलेत. मोठा आय आणि छोटा एलसुद्धा. तुम्हाला दिसतंय ते बहुतेक छोटं ओ असेल.” छोटं ओच होतं.

पत्ता जुळला. मामी काही बोलली नाही. वहीचं पान मिटल्याचा आवाज आला, तेव्हा काकांनी विचारलं, “वळू का?”

त्याच आठवड्यात मामीनं नवं वॉलेट उघडलं, नवे बारा शब्द स्वतः लिहिले आणि नाणी तिकडे हलवली. आधी थोडीशी, ती पोचलेली पाहून मग उरलेली. हीसुद्धा काकांचीच शिस्त. त्यातून तिनं घराच्या छपराचं काम केलं, मामांच्या शाळेला गणिताच्या पुस्तकांसाठी काही दिलं आणि बाकीचे राहू दिले. काकांना काय द्यायचं, हे विचारायला ती माझ्याबरोबर पुन्हा आली होती. त्यांनी फक्त लाडू ठेवून घेतले.

मामांची ती ठेव किती होती, हे काकांना आजही माहीत नाही.

तुम्ही दर वेळी पाठ का करता, हे मी एकदा विचारलं. मोबाइल हातात न घेणं समजू शकते, पण ज्या बाईला धड टाइप करता येत नाही तिच्याकडेही बघायचं नाही? काकांनी एक्स्चेंजमधल्या टेस्ट डेस्कची गोष्ट सांगितली. तक्रार आलेली लाइन तपासायला हेडफोन लावावा लागे, आणि कधीकधी लाइनवर माणसं बोलत असत. जन्म, मरण, सोयरीक, भांडण, सगळं कानावर पडायचं. त्यांना शिकवणाऱ्या जुन्या मेकॅनिकचा नियम होता. लाइन चालू आहे एवढं कळलं की हेडफोन काढायचा, त्यापुढचं एक अक्षर ऐकायचं नाही. “कुणी बघत नव्हतं,” काका म्हणाले, “म्हणूनच तो नियम पाळावा लागायचा. इथेही तसंच आहे. मी वळून बघितलं असतं तर तुमच्या मामींना कळलंही नसतं.”

मी पैशांचे हिशेब पाहण्यावरच पोट भरते. लोक माझ्यासमोर आपलं सगळं उघडं करून ठेवतात. या गोष्टीनंतर मी माझ्या ऑफिसातल्या पुष्कळ सवयी बदलल्या. जे कामाला लागत नाही ते मागायचं नाही, आणि जे नजरेस पडलं ते तिथेच सोडायचं. हे मला कुठल्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं. काकांचं माझ्यावरचं ऋण ते हे.

त्यातलं थोडं फेडायची संधी १ एप्रिल २०२२ पासून आली, असं म्हणता येईल. क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के कर आणि वर उपकर. घेतल्याची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षात ओढताही येत नाही. १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का कपात. पार्किंगमधल्या प्रश्नांचा रोखच बदलला. आता काका माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढत आणि स्वतः मागे बसून टिपणं घेत. तोट्यात गेलेल्या मुलांना कर कसा काय लागतो, हे समजावताना माझं मन फार अस्वस्थ व्हायचं. मला तो नियम अन्यायाचा वाटतो, आणि मी तसं त्यांना सांगायचे. पण आधी नियम सांगायचा आणि मग मत, हा क्रम काकांचा.

काका-काकू आता बंगळूरला मुलीकडे असतात. पार्किंग चालू आहे. आम्ही तिघंचौघं आळीपाळीनं बसतो. मध्यंतरी काकांचा फोन आला. त्यांच्या तिथल्या सोसायटीत एक आजोबा आहेत, मूळचे बेळगावचे, त्यांनीही शब्द देवनागरीत लिहून ठेवलेत आणि नजर अधू आहे. “२०४८ शब्दांची यादी मोठ्या टायपात छापून पाठवता का? इथे मिळेल, पण त्यात एक काम तुमच्या मामींनाच जमण्यासारखं आहे. मराठीत लिहिल्यावर जे शब्द सारखे दिसतात, त्यांच्यापुढे खूण करून हवी.” इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी यादी छापली, स्पायरल बाइंडिंग करून मिरजेला पाठवली. मामी रोज दुपारी ती घेऊन बसते. राईट आणि पीस तिला तोंडपाठच होते. मग पेअर सापडला, जोडी आणि फळ. ‘पूल’ आणि ‘पुल’ धरायचे का, यात फक्त एका उकाराचा फरक आहे, लिहिणाऱ्यानं ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर काय, असं तिनं मला विचारलं. मी काकांचा नंबर दिला. धरा, असं त्यांनी सांगितलं, आणि विल आणि व्हीलही तपासा म्हणाले. आता दोघांचं परस्परच बोलणं होतं. परवा फोन केला तेव्हा मामी ‘टी’वर आली होती.